एकापैकी पहिली

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: वर्गातला क्रमांक.
शेजारी दुसरा: वर्गातली एकूण मुलं.
मी लिहिलं एक. मग पुन्हा एक.
कैरवी मागून वाचत होती, म्हणाली,
आई, म्हणजे शेवटूनही पहिलीच की मी.

पुढं शाळेचं नाव. मुख्याध्यापकांची सही. शिक्का.
शिक्का करायला बिंदू चौकाजवळ गेले,
तर रबर कापणारे काका चष्म्यावरून बघत राहिले.
गाव? कोल्हापूर.
संस्था? घर.
"घर ही कसली संस्था वो, ताई?"
मी गप्प, तेव्हा त्यांनीच सुचवलं,
गल्लीचं नाव घाला, वजन येतंय.
दीडशे रुपयांत आमच्या स्वयंपाकघराला
गोल शिक्का मिळाला,
मधलं कमळ फुकट.

पत्रही मीच लिहायचं, समुपदेशक म्हणून.
सूचना स्पष्ट होती: तटस्थ राहा.
विद्यार्थिनीला तुम्ही किती काळ ओळखता?
सतरा वर्षं, लिहिलं.
आधीचे नऊ महिने कुठल्या रकान्यात बसेनात.

पाचवीत ती बाकाखाली जाऊन बसायला लागली,
बाई म्हणाल्या, हट्टी आहे.
एका सोमवारी आम्ही दप्तर माळ्यावर टाकलं
आणि दिवाळीपर्यंत कुणाला बोललो नाही,
सासूबाईंनासुद्धा.
हे लिहिलं. खोडलं.

मग लिहिलं: राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी
विद्यार्थिनीनं सहा पावसाळे वहीत मांडली, फूट आणि इंच.
एकदा पेपरातल्या आकड्याशी जुळेना,
तर सायकल काढून पुन्हा पट्टी बघून आली.
चूक तिचीच होती. तेही लिहिलं.

लिहिलं: भूमिती ती वडिलांकडं शिकली,
उद्यमनगरात, पॅटर्नच्या शेडमध्ये, भुश्शात मांडी घालून.
ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकडी पॅटर्न मापापेक्षा जरासा मोठा ठेवतात.
किती मोठा, ते बाराव्या वर्षी
तिनं स्वतः गणित मांडून काढलं.
बाप त्या दिवशी नुसता पट्टी पुसत बसला.

मैत्रिणी किती, हे फॉर्मनं विचारलं नाही.
ते विचारायला बाकी सगळं गाव होतं.
गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला हातात धरून
चुलत दीर म्हणालेच होते,
"पोरगी माणसांत येणार कधी, वहिनी?"
ओठांवर फेस होता त्यांच्या.
मला हसू आलं, आणि घरी येऊन रडूही.
तो प्रश्न माझाही होता,
फक्त मी तो मोठ्यानं विचारत नव्हते.

तिकडची मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेदहा.
दहा वाजून अकरा मिनिटांनी तिनं बटण दाबलं,
पंखा बंद करून, का कोण जाणे.
मी पोहे केले. मुख्याध्यापकांनी भांडी घासली.

मार्चअखेर, पहाटे साडेचार.
शंभरातली चार घेतात म्हणे, तसलं कॉलेज.
ती पडद्याकडं, आम्ही दोघं तिच्या मानेकडं बघत उभे.
होय नव्हतं. नाहीही नव्हतं.
प्रतीक्षा यादी.
कितवी, ते सांगितलं नव्हतं.
एकूण किती, तेही नाही.

मला वाटलं, आता बाकाखाली जाईल.
ती खुर्चीतच राहिली, दोन्ही पाय वर घेऊन.
म्हणाली, आई,
म्हणजे माझ्या पुढं कुणीतरी आहे. आणि मागंसुद्धा.
कोण असतील गं?

बाहेर दूधवाल्याच्या किटल्या वाजल्या.
मी पातेलं घेऊन उठले,
उत्तर मला येत नव्हतं,
आणि आमच्या शाळेत
बाईंना येत नसलं तर बाई तसं सांगतात.